पात्रतेच्या सीमा: दोडामार्ग परिसर आणि वैद्यकीय शिक्षण-प्रमाणपत्रांचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी दोडामार्ग हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुका वसलेला आहे. १९९९ मध्ये सावंतवाडी तालुक्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. दक्षिणेस व पश्चिमेस गोव्यातील पेडणे, डिचोली व सत्तरी हे तालुके आणि पूर्वेस घाटमाथ्यावरील चंदगड व बेळगावचा प्रदेश अशी या भागाची भौगोलिक स्थिती आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंचा समाज बोलीने, नात्यागोत्याने व देवदेवस्कीने एक आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल पोर्तुगीजांकडे गेले आणि नव्या काबिजादींत समाविष्ट झाले. उर्वरित मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडे राहिला. राजकीय सीमा अशा रीतीने एकाच समाजाच्या मधून गेली.

या सीमेचा परिणाम महसूल, व्यापार व जकात यांवर कसा झाला याची चर्चा इतिहासलेखनात पुष्कळ झाली आहे. परंतु वैद्यकीय व्यवसाय करण्याची पात्रता कोणी ठरवावी, ती कोणत्या भाषेत व कोठे मिळवावी, आणि एका बाजूचे प्रमाणपत्र दुसऱ्या बाजूस चालावे की नाही, या प्रश्नांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. वस्तुतः सीमावर्ती गावातील रुग्णाच्या दृष्टीने हेच प्रश्न अधिक जिव्हाळ्याचे होत. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

उद्दिष्टे

१) गोवा व मुंबई इलाखा या दोन शासनव्यवस्थांतील वैद्यकीय पात्रतेच्या विकासाचा तुलनात्मक आढावा घेणे.
२) पदवीधर डॉक्टर व पारंपरिक वैद्य यांच्यामधील प्रशिक्षित वर्गाचा उदय, लोप व पुनरागमन तपासणे.
३) या इतिहासाचा दोडामार्गसारख्या सीमावर्ती तालुक्याच्या आजच्या आरोग्यसेवेशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

परवान्याचा आरंभ

पश्चिम किनाऱ्यावर वैद्यकीय व्यवसायाला परवान्याची अट घालण्याचा जुना प्रयत्न गोव्यात झालेला दिसतो. १५१० नंतर जुन्या गोव्यात राजकीय इस्पितळ उभे राहिले. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील ग्रंथ गोव्यातच छापला गेला. स्थानिक वैद्यांच्या ज्ञानाची दखल युरोपीय वैद्यकाने घेतल्याचे हे ठळक उदाहरण होय. मात्र त्याच काळात हिंदू वैद्यांनी ख्रिस्ती रुग्णांवर उपचार करू नयेत असे निर्बंध धर्मसत्तेकडून घातले जात होते. हे निर्बंध व्यवहारात टिकले नाहीत. कारण सामान्य रुग्णच नव्हे, तर उच्चपदस्थ पोर्तुगीज अधिकारीही या 'पंडितां'कडून औषध घेत.

१६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने यातून मध्यममार्ग काढला. मुख्य राजवैद्याने परीक्षा घेतल्याशिवाय कोणीही वैद्यकी करू नये, आणि परवानाधारक हिंदू वैद्यांची संख्या तीसपेक्षा अधिक नसावी, असे ठरले. या निर्णयाचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे, रुग्णाच्या रक्षणासाठी परीक्षा आवश्यक मानली गेली. दुसरा म्हणजे, परीक्षेबरोबरच संख्येची मर्यादा घालून व्यवसायाचे दार अरुंद केले गेले. ज्ञानाची खात्री आणि प्रवेशावरील नियंत्रण ही प्रमाणपत्राची दोन कार्ये येथे प्रथमच एकत्र आलेली दिसतात. पुढील चार शतकांच्या इतिहासात ही दोन्ही कार्ये एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत.

पणजीची वैद्यकीय शाळा

१८४२ मध्ये पणजी येथे गोव्याच्या वैद्यकीय-शस्त्रक्रिया शाळेची, म्हणजे 'एस्कोला मेदिको-सिरुर्जिका'ची, विधिवत स्थापना झाली. आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शिक्षणसंस्थांत तिची गणना होते. वैद्यक व शस्त्रक्रियेबरोबर औषधनिर्मितीचे शिक्षणही येथे दिले जाई. शिक्षणाची भाषा पोर्तुगीज होती. साहजिकच पोर्तुगीज शिक्षण घेतलेल्या ख्रिस्ती उच्चवर्गातील तरुणांचे येथे दीर्घकाळ प्राबल्य राहिले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन होऊन धर्माधारित भेद कायद्याने दूर झाल्यावर हिंदू विद्यार्थ्यांचा मार्ग अधिक मोकळा झाला.

या शाळेच्या प्रमाणपत्राचे मूल्य मात्र अर्धेच होते. येथील पदविकाधारकास गोव्यात व पोर्तुगालच्या इतर वसाहतींत व्यवसाय करता येई. प्रत्यक्ष पोर्तुगालात व्यवसाय करावयाचा असल्यास लिस्बन किंवा पोर्तो येथे जाऊन पुन्हा परीक्षा द्यावी लागे. परिणामी गोव्याचे अनेक डॉक्टर मोझांबिक, अंगोला इत्यादी आफ्रिकी वसाहतींच्या आरोग्यखात्यात दाखल झाले. तेथेही पोर्तुगालमधील पदवीधरांच्या तुलनेत त्यांचा दर्जा दुय्यम मानला जाई.

येथे एक विसंगती ध्यानात येते. पणजीत शिकलेला डॉक्टर समुद्रापलीकडील आफ्रिकेत अधिकृतपणे उपचार करू शकत होता. परंतु काही कोसांवरील सावंतवाडी संस्थानाच्या गावात त्याचे प्रमाणपत्र परक्या राज्याचे ठरे. प्रमाणपत्राची कक्षा भूगोलाने ठरत नव्हती. ती साम्राज्याने ठरविली होती.

मुंबईची पदवी आणि मराठीचा वर्ग

पणजीच्या शाळेनंतर तीन वर्षांनी, १८४५ मध्ये, मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याची पहिली तुकडी १८५१ मध्ये उत्तीर्ण झाली. या तुकडीतील भाऊ दाजी लाड हे पेडणे महालातील मांद्रे गावचे. त्यांच्या सहाध्यायांत आत्माराम पांडुरंग यांच्यासारख्या मराठी तरुणांबरोबर मूळ गोमंतकीय ख्रिस्ती विद्यार्थीही होते. पोर्तुगीज सीमेच्या आतील गावच्या मुलाचे वैद्यकीय शिक्षण पणजीऐवजी मुंबईत व्हावे, ही घटना पुरेशी बोलकी आहे. मुंबईत इंग्रजी शिक्षणाची सोय, शिष्यवृत्ती आणि मराठी समाजाचा आधार होता. ते आकर्षण पणजीच्या सान्निध्यापेक्षा प्रभावी ठरले. भाऊ दाजींनी पुढे कुष्ठरोगावरील देशी वनौषधीचे प्रयोग केले. त्यांची कर्मभूमी मात्र मुंबईच राहिली. पात्रता मिळविण्यासाठी गाव सोडावे लागते आणि मिळाल्यावर गावी परतणे होत नाही, या क्रमाचे हे आरंभीचे उदाहरण होय.

पदवीधरांची संख्या मोजकी असल्याने शासनाला दुसऱ्या एका वर्गाची गरज भासली. दवाखाने, देवीची लस टोचण्याचे काम व तुरुंगातील रुग्णव्यवस्था यांसाठी कमी खर्चात तयार होणारे सहायक हवे होते. १८६० च्या दशकात ग्रँट महाविद्यालयात मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग चालू झाले ते याच हेतूने. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांनी मराठी वर्गात अध्यापन केले. सखाराम अर्जुन यांनी गर्भविद्या व प्रसूती या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला. शरीररचना, औषधी व प्रसूतिशास्त्र यांची मराठी परिभाषा घडविण्याचा हा प्रयत्न होता. १८७८ मध्ये पुण्यात बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा निघाली आणि मध्यम दर्जाच्या वैद्यकीय शिक्षणाचे ते प्रमुख केंद्र बनले. कालांतराने माध्यम म्हणून मराठीची जागा इंग्रजीने घेतली. मराठी वर्गाचा प्रयोग अल्पजीवी ठरला, तरी इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्यासही शास्त्रशुद्ध वैद्यकीय शिक्षण देता येते हे त्याने दाखवून दिले.

स्त्रियांच्या बाबतीत अडथळे अधिक होते. ग्रँट महाविद्यालयाचे दार स्त्रियांना १८८३ मध्ये उघडले. त्याच वर्षी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची पदवी मिळविली आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. परंतु कार्यभार स्वीकारण्यापूर्वीच १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पडद्याआडच्या स्त्रीरुग्णांसाठी स्त्रीडॉक्टर हवी ही जाणीव त्या काळात दृढ झाली. तथापि खेड्यातील बाळंतपण दीर्घकाळ सुईणीच्या, गोमंतकी बोलीतल्या वैजिणीच्या, हातीच राहिले.

नोंदणीचे कायदे

विसाव्या शतकाच्या आरंभी शिक्षणाबरोबर नोंदणीचा प्रश्न पुढे आला. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने इलाख्यातील पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांसाठी नोंदवही सुरू केली. अशा स्वरूपाचा हा ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिला कायदा होय. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची स्थापना झाली. तिची 'एल.सी.पी.एस.' ही अर्हता पुढे गावोगावच्या डॉक्टरांच्या पाट्यांवर दिसू लागली. १९१६ च्या कायद्याने अनधिकृत संस्थांना पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदव्या देण्यास बंदी केली. १९३३ च्या कायद्याने अखिल भारतीय वैद्यक परिषद अस्तित्वात आली. तिच्या कक्षेत प्रामुख्याने विद्यापीठीय पदव्या होत्या. परवानाधारक, म्हणजे लायसेन्शिएट डॉक्टर, या अखिल भारतीय मान्यतेच्या बाहेर राहिले.

ब्रिटिश हिंदुस्थानचे हे कायदे सावंतवाडीसारख्या संस्थानांत आपोआप लागू होत नसत. म्हणजे आजच्या दोडामार्गच्या आसपास तीन निरनिराळ्या व्यवस्था नांदत होत्या: पोर्तुगीज गोव्याची, सावंतवाडी संस्थानाची आणि लगतच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या रूपाने मुंबई इलाख्याची. एकच मनुष्य एका गावी वैद्य, दुसऱ्या गावी अनधिकृत आणि तिसऱ्या गावी केवळ परगावचा पाहुणा ठरावा, अशी ही स्थिती होती.

देशी वैद्यकाची नोंद प्रथम मुंबई प्रांताने १९३८ च्या कायद्याने केली. या कायद्यात शिक्षणाने पात्र ठरलेल्यांच्या नोंदवहीबरोबर दीर्घ अनुभवावर व्यवसाय करणाऱ्यांचीही दखल घेतली गेली. घराण्यात चालत आलेल्या वैद्यकीला कायद्याच्या चौकटीत आणण्याची ही वाट होती. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा प्रदेश एका कायद्याखाली आला. पुढे महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यवसायी अधिनियम व १९६५ चा महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम यांनी आजच्या व्यवस्थेचा पाया घातला. औषध देणाऱ्यांसाठी १९४८ चा फार्मसी कायदा आला.

भोर समिती आणि मधली पायरी

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्या वेळी देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट, तर सुमारे १७,५०० पदवीधर होते. दर पाच डॉक्टरांपैकी तीन मधल्या पायरीचे होते. समितीने बहुमताने ही पायरी बंद करून एकच 'मूलभूत डॉक्टर' तयार करावा अशी शिफारस केली. समितीतील काही सदस्यांचे मत निराळे होते. डॉक्टरांचा तुटवडा असताना कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद करणे ग्रामीण भागास परवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताची शिफारस अमलात आली. वैद्यकीय शाळा बंद पडल्या किंवा महाविद्यालये झाल्या. पुण्याची बैरामजी जीजीभाई शाळा १९४६ मध्येच महाविद्यालय बनली.

या निर्णयामागील भूमिका उदात्त होती, हे मान्य केले पाहिजे. खेड्यातील रुग्णास कमी शिकलेला आणि शहरातील रुग्णास अधिक शिकलेला डॉक्टर, हा भेद स्वतंत्र देशाला शोभणारा नव्हता. लायसेन्शिएट डॉक्टरांच्या संघटनांनीही दुय्यमपणाचा हा शिक्का पुसावा अशी मागणी सातत्याने केली होती. परंतु पायरी काढून टाकली तरी खेड्याची गरज संपली नाही. ती जागा रिकामी राहिली आणि निरनिराळ्या मार्गांनी भरत गेली. महाराष्ट्रात ती मुख्यत्वे आयुर्वेद पदवीधरांनी भरून काढली. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अनेक वैद्यकीय अधिकारी हे बी.ए.एम.एस. पदवीधर आहेत. १९९२ च्या शासकीय अधिसूचनेने ठरावीक अर्हतेच्या आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभाही दिली. दक्षिण कोकणच्या दृष्टीने सावंतवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयाचे महत्त्व या संदर्भात लक्षात घ्यावे लागते. जिल्ह्यात आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालय नसलेल्या काळात जिल्ह्यातच राहून वैद्यकीय पदवी मिळविण्याचा मार्ग त्याने दिला.

परिचारिका व आरोग्यसेविका

डॉक्टरांच्या पात्रतेचा इतिहास सविस्तर लिहिला जातो. गावात प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या स्त्रियांच्या पात्रतेचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. मुंबई प्रांतात परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आणि १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला. सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दीर्घकाळ दहावीनंतर अठरा महिन्यांचा होता. पुढे तो बारावीनंतर दोन वर्षांचा झाला. त्यावर तीन वर्षांची सामान्य परिचर्या पदविका आणि चार वर्षांची बी.एस्सी. परिचर्या पदवी अशा पायऱ्या आहेत.

येथे एक महत्त्वाचा फरक दिसतो. वैद्यकीय पदवीत मधली पायरी मोडली गेली, परिचर्येत मात्र पायऱ्या टिकल्या. त्यामुळे साध्या शेतकरी कुटुंबातील, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला आरोग्यक्षेत्रात शिरण्याचा मार्ग परिचर्येने दिला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' स्वयंसेविकेची योजना आली. गावचीच रहिवासी असणे ही तिच्या निवडीची मूलभूत अट होती, आणि शिक्षणाची अपेक्षा आठवीपर्यंतची होती. शिक्षणापेक्षा रहिवासाला अधिक महत्त्व देणारी ही पात्रता होय. आरोग्यसेवेच्या सर्व पदांत 'गावात राहणे' हीच पात्रता मानणारे पद सर्वांत कमी मोबदल्याचे असावे, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

सीमेवरील रुग्ण आणि सीमेवरील विद्यार्थी

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये पणजीच्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर होऊन ते मुंबई विद्यापीठास संलग्न झाले. पुढे त्याचे रुग्णालय बांबोळी येथे गेले. सीमेपलीकडील प्रमाणपत्र आता परके राहिले नाही. दोडामार्गच्या रुग्णास ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा म्हापसा व बांबोळी जवळ पडत असल्याने गंभीर रुग्ण तिकडे नेण्याची वहिवाट पडली. २०१८ च्या आरंभी गोव्याबाहेरील रुग्णांना तेथील शासकीय रुग्णालयांत शुल्क लागू झाले. तेव्हा या वहिवाटीचे परावलंबित्व उघड झाले. त्याच वर्षी दोडामार्गात आरोग्यसेवेसाठी जनआंदोलन उभे राहिले. त्यातील मागणी इमारतींपुरती मर्यादित नव्हती. तालुक्यातच पुरेसे डॉक्टर व कर्मचारी असावेत हा तिचा गाभा होता.

रुग्णाला सीमा ओलांडता आली, विद्यार्थ्याला ती सहजी ओलांडता आली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. गोव्यातील महाविद्यालयाच्या बहुतेक जागा त्या राज्यातील रहिवाशांसाठी असतात. दोडामार्गच्या विद्यार्थ्यास तेथे अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांतूनच संधी मिळते. महाराष्ट्रात २०२० पर्यंत चाललेल्या प्रादेशिक आरक्षणात विदर्भ व मराठवाडा यांचे स्वतंत्र गट होते. कोकणचा समावेश मात्र मुंबई-पुण्यासह 'उर्वरित महाराष्ट्रा'त होता. म्हणजे तिळारी खोऱ्यातील विद्यार्थ्याची स्पर्धा महानगरांतील विद्यार्थ्याशीच होती. आजच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. परंतु त्या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग प्रामुख्याने शहरांत आहेत, आणि पुढील शिक्षण इंग्रजीतच आहे.

पात्र मनुष्यबळ जवळ नसण्याचे गांभीर्य माकडतापाच्या साथीने दाखवून दिले. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात या रोगाचा उद्रेक झाला. २०१६ च्या आरंभी दोडामार्ग तालुक्यातील केर गावात तो आढळला आणि नंतर बांदा परिसरात पसरला. गोचिडींपासून होणाऱ्या या रोगाचा धोका काजूबागांत व रानात जाणाऱ्यांना अधिक असतो. मेलेल्या माकडाची खबर देणारी आशा, तापाचा रुग्ण वेळीच ओळखणारा वैद्यकीय अधिकारी, नमुना नीट घेऊन पाठविणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ व निदान करणारी दूरची प्रयोगशाळा, अशी ही साखळी आहे. तिच्यातील एक कडी निसटली तरी निदान लांबते. या साखळीतील प्रयोगशाळा तंत्रज्ञासारख्या व्यावसायिकांसाठी देशपातळीवरील कायदा मात्र २०२१ मध्येच झाला.

मधल्या पायरीचे पुनरागमन

२०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यास सुरुवात झाली. आयुर्वेद किंवा परिचर्येचे शिक्षण झालेल्या उमेदवारास सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन ही नेमणूक होते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियमातही मर्यादित परवान्याच्या समुदाय आरोग्य सेवादात्याची तरतूद करण्यात आली. डॉक्टरांच्या संघटनांनी तिला तीव्र विरोध केला. १९४६ मधील मतभेदाचे दोन्ही पक्ष सात दशकांनंतर पुन्हा समोरासमोर आले, असे म्हणता येईल.

दुसरीकडे, जिल्ह्यातच शिक्षणाची सोय वाढत आहे. पडवे येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२१-२२ पासून ओरोस येथे १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कुडाळ येथे परिचर्या शिक्षणाची सोय आहे. भाऊ दाजींच्या काळापासून वैद्यकीय शिक्षणासाठी कोकण सोडावे लागत होते. त्या दृष्टीने हा बदल लहान नाही. तथापि महाविद्यालय जिल्ह्यात आल्याने तालुक्याला डॉक्टर मिळतोच असे नाही. प्रवेश कोणाला मिळतो आणि प्रशिक्षणाचा काही काळ दोडामार्गसारख्या ग्रामीण रुग्णालयात जातो की नाही, यावर ते अवलंबून राहील.

निष्कर्ष

१) १६१८ च्या परवान्यापासून आजच्या प्रवेश परीक्षेपर्यंत प्रमाणपत्राने दोन कामे केली: रुग्णाला ज्ञानाची खात्री दिली आणि व्यवसायाचे दार नियंत्रित केले. यांपैकी पहिले काम आवश्यकच आहे. दुसऱ्याचा भार मात्र नेहमी दूरच्या प्रदेशांवर अधिक पडला.

२) पात्रतेची पातळी जसजशी वाढली तसतसे ती मिळविण्याचे ठिकाण व भाषा सीमावर्ती समाजापासून दूर गेली. मराठी वर्ग व लायसेन्शिएट अभ्यासक्रम यांच्या लोपाने हे अंतर वाढले.

३) मधली पायरी कागदावरून काढली तरी व्यवहारात ती राहिलीच. तिला प्रशिक्षण, स्पष्ट अधिकारमर्यादा व पुढील शिक्षणाची वाट दिली नाही, तर ती अनधिकृत व्यवसायाने भरते. परिचर्येतील पायऱ्यांचा अनुभव या बाबतीत मार्गदर्शक ठरावा.

४) सीमावर्ती तालुक्यांसाठी महाराष्ट्र व गोवा यांनी रुग्णसेवेबरोबर शिक्षणातही सहकार्य करणे इतिहासाशी सुसंगत ठरेल. दोडामार्ग परिसराच्या चार शतकांच्या अनुभवातून एवढे निश्चित दिसते की, पात्रतेची अट सैल केल्याने खेड्याचे हित होत नाही, आणि पात्र होण्याची वाट दूर ठेवूनही होत नाही. गुणवत्तेची कसोटी तीच ठेवून त्या कसोटीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता गावाजवळून नेणे, हाच या इतिहासाचा बोध होय.